मी मागितलेला कौल

माझ्यावर खोटा आळ आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता ऐंशीच्या घरात आहे आणि तो राग अजून उतरलेला नाही. किती वर्षं झाली, आता सोडून द्या की, असं सून म्हणते. तिच्यावर कधी असा आळ आलेला नाही, म्हणून तिला ते सोपं वाटतं. मी काही सोडून देणार नाही. त्या वेळी जे तोंडातून निघालं नाही ते आता नीट लिहून ठेवणार आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. ठाण्याला खोपटच्या बाजूला आमची आठ बिऱ्हाडांची बैठी चाळ होती. मागे भाताची खाचरं, पुढे एक नळ. आठही बिऱ्हाडं तळकोकणातल्या एकाच गावची. पुरुष कारखान्यांत कामाला लागायचं म्हणून गाव सोडून आले होते, पण गाव त्यांनी सोडलं असं म्हणता येणार नाही, ते सगळं उचलून बरोबर आणलं होतं. कुळथाची पिठी आणली, भाऊबंदकी आणली, कोणी कोणाच्या आधी पाटावर बसायचं ते आणलं, आणि गावची देवीसुद्धा आणली.

देवी राहायची पहिल्या खोलीत. त्या खोलीतल्या गृहस्थांच्या घराण्याला गावी देवळातला पहिला मान होता, म्हणून त्यांना सगळे मानकरी म्हणत. गावच्या नदीतला एक काळा पाषाण आणून त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यात बसवला होता आणि त्याची रीतसर पूजा करत होते. कोणाला काही अडलं की तो त्यांच्याकडे यायचा आणि मानकरी देवीला कौल लावायचे. गावी हे काम गुरवाचं. इथे गुरव नव्हता, तेव्हा मानकऱ्यांनी ते आपल्याकडे घेतलं आणि त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. पांढऱ्या कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून पाषाणाच्या दोन बाजूंना चिकटवायच्या, हात जोडून देवीला गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मुलीचं स्थळ, मुलाची नोकरी, गावच्या घरावर यंदा कौलं घालावीत की गवत, सगळं त्या दोन कळ्यांवर ठरायचं.

मी सातवी फायनल पास झाले होते. चाळीतली पहिलीच मुलगी. मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं माझ्या मनात होतं आणि अर्ज भरायला अजून अवकाश होता, तोवर चाळीतल्या बायकांची पत्रं लिहून देणं हे माझं दुपारचं काम झालं होतं. गावी सासूला, माहेरी आईला, मुंबईला भावाला. बायका सांगायच्या, मी लिहायची, मग वाचून दाखवायची, आणि पत्र कितीही साधं असलं तरी ऐकताना एखादी डोळ्याला पदर लावायचीच. घराघरांतली दुखणी मला ठाऊक होती आणि मी कधी एकीची गोष्ट दुसरीला सांगितली नाही. हे मुद्दाम लिहिते आहे.

माझी लिहिण्याची एक खोड होती. सगळी माणसं आधी अक्षरं काढतात आणि मग त्यांच्यावर रेघ देतात. मी आधी कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला लटकवायची. शाळेत बाईंनी हातावर पट्ट्या मारल्या तरी ती खोड गेली नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत माझ्याहून वर्षाने लहान मुलगी होती. माझी मैत्रीणच म्हणायची. तिच्या वडिलांनी तिला शाळेचं तोंड दाखवलं नव्हतं. बायकांना लिहिता आलं की त्या घरं फोडतात, असं ते चारचौघांत सांगायचे, आणि त्यांचीच बायको माहेरची खुशाली विचारायला कार्ड घेऊन माझ्यापुढे बसायची. माझी आई दुपारी दोन घरी पापड लाटायला जायची. तेवढ्या वेळात ती मुलगी तांदूळ निवडायच्या निमित्ताने आमच्याकडे यायची आणि मी तिला पाटीवर अक्षरं शिकवायची. कोणी दारात आलं की पाटी सुपाखाली जायची. दीड-दोन वर्षांत ती चांगलं लिहायला लागली. हे आम्हां दोघींपलीकडे कोणालाही माहीत नव्हतं, माझ्या आईलाही नाही.

त्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा. मुलगा म्हणजे चाळिशीला टेकलेला बिजवर, दोन मुलांचा बाप. पहिली बायको विहिरीत पडून गेली होती. पडली कशी, हे कोणी विचारलं नाही. पक्की नोकरी आहे आणि हुंडा नको म्हणतात, एवढं तिच्या वडिलांना पुरलं. सुपारी फुटली, आणि मुलीचं जमलं म्हणून ती माणसं टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आली. ती मुलगी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. एकदाच म्हणाली की त्या माणसाने बघायला आल्यावर आधी तिचे दंड बघितले, भाकऱ्या किती थापशील ते विचारलं आणि मग तोंडाकडे बघितलं.

लग्नाला पंधरा दिवस असताना कल्याणला एक कार्ड पोचलं. मुलीला फेफरं येतं, तुमच्यापासून लपवलं आहे, विचार करून पाऊल टाका. खाली सही हितचिंतक. त्यांनी लग्न मोडलं आणि कार्ड परत पाठवलं.

पुढच्या रविवारी सकाळी मला पहिल्या खोलीत बोलावणं आलं. आत चाळीतले सगळे पुरुष बसलेले, दारात बायका. वडील मला बघून खाली बघायला लागले, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मैत्रिणीच्या वडिलांनी कार्ड माझ्यापुढे टाकलं आणि हे अक्षर कोणाचं ते सांग म्हणाले.

मी कार्ड उचललं. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ आणि तिला लटकलेली अक्षरं. ते मी लिहिलेलं नव्हतं, आणि आधी रेघ ओढून मग लिहिणारं माझ्याखेरीज एकच माणूस होतं, मी स्वतः शिकवलेलं. ती दारात बायकांच्या मागे तांब्या घेऊन उभी होती. तांब्यात पाणी असावं, कारण ते तिच्या पायांवर सांडत होतं आणि तिला समजत नव्हतं.

मी लिहिलेलं नाही, एवढं मी म्हटलं. पुढचं मला कोणी विचारलंच नाही, ते मलाच सांगायला लागले. चाळीत लिहिणारी बाई एकच. माझं लग्न जमत नव्हतं म्हणून मी जळत होते. आदल्या आठवड्यात नळावर माझं आणि तिच्या आईचं वाजलं होतं. रंगाने मी सावळी आणि ती गोरी, हेसुद्धा कोणीतरी काढलं. ज्यांच्या आईच्या आजारपणाची पत्रं मी रडत रडत लिहिली होती, ते गृहस्थ म्हणाले की ही पोर सगळ्यांच्या घरातलं वाचते, हिच्या हातात आपण सुरी दिली. मला आठवतं, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मला त्या खोलीतल्या एकेकाला धरून हलवावंसं वाटलं. एवढी वर्षं दुपारच्या दुपारी मी यांच्या बायकांपुढे बसत होते आणि मी काय लिहिते, काय लिहीत नाही, हे यांना कळलं नव्हतं.

मला खरं सांगून मोकळं होता आलं असतं. बोट दाखवायचं, पाटी मागवायची, तिला दोन ओळी लिहायला लावायच्या, संपलं. पण मग काय झालं असतं तेही मला दिसत होतं. तिच्या बापाने तिला मारून अर्धमेली केली असती आणि तिच्याच हातून क्षमेचं पत्र लिहवून त्याच कल्याणच्या घरात ढकलली असती. त्या घरातली विहीर होती तिथेच होती.

तेव्हा मी एक गोष्ट केली. माझ्या मते ती फार शहाणपणाची होती. मी मानकऱ्यांना म्हटलं, "काका, तुम्ही मला विचारू नका. देवीला विचारा. लावा कौल."

मला कोणी भरीला घातलं नाही. कौल मी स्वतः मागितला. माझी देवीवर इतकी श्रद्धा होती की मला भीती वाटली नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. तिने सगळं बघितलेलं आहे, ती मला सोडवणार, आणि मला माझ्या तोंडाने कोणाचं नाव घ्यावं लागणार नाही. देवाचा न्याय म्हणतात तो अशाच वेळेसाठी असतो, असं मला तेव्हा वाटत होतं. दारात माझी आई उभी होती. ती मान हलवून मला म्हणाली की बरोबर केलंस.

मानकऱ्यांनी हातपाय धुतले, कळ्या भिजवल्या, पाषाणाच्या दोन बाजूंना चिकटवल्या. मग मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. पोर निर्दोष असेल तर उजवा दे, दोषी असेल तर डावा दे, आणि काय असेल ते लेकरांना उघड करून दाखव. मी हात जोडून समोर बसले होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या डाव्या हाताकडची कळी जराशी सरकली आणि खाली पडली.

मानकरी म्हणाले, "डावा दिला."

मी आईकडे बघितलं. आई देवीकडे बघत होती.

मला कोणी मारलं नाही, चाळीतून काढलं नाही. आपण किती सौम्यपणे वागलो, असंही ते पुढे बरीच वर्षं सांगत. फक्त दुसऱ्या दिवसापासून एकही बाई माझ्याकडे पत्र घेऊन आली नाही. त्या पोस्टाबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे जायला लागल्या. त्याला ऐकायला कमी यायचं, त्यामुळे घरच्या सगळ्या गोष्टी त्यांना भर रस्त्यात ओरडून सांगाव्या लागत. मी नळावर गेले की बोलणं थांबायचं. ट्रेनिंगच्या अर्जाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागायचा आणि मानकऱ्यांनी त्यांच्या साहेबांकडून तो आणून देतो असं कबूल केलं होतं. आता कोणत्या तोंडाने सही मागू, असं ते वडिलांना म्हणाले. अर्जाची मुदत गेली. माझं एक वर्ष गेलं.

वडील कारखान्यात टाइमकीपर होते. शांत माणूस, भांडण त्यांना झेपायचं नाही. ते मला म्हणायचे की देव बघतोय, तू गप्प राहा. एकदा मी त्यांना म्हटलं की देव रविवारीही बघतच होता. त्यावर ते जेवणाच्या ताटावरून उठून गेले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावा असं वाटलं नाही.

आईचं मात्र मला कळेना. ती मला काही बोलली नाही, रागावली नाही, पण तिच्या डोळ्यांत काहीतरी बसलं होतं. आठवड्याभराने मी भाजी चिरत होते तेव्हा तिने खालच्या आवाजात विचारलं, "बाय, खरं सांग. तू लिहिलं नाहीस ना?"

मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. दोन दिवसांनी केस विंचरून देताना तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. संकष्टीला चंद्राची वाट बघत बसलो होतो तेव्हा तिसऱ्यांदा. तेव्हा मी उठून आत निघून गेले. आज मी तिची अडचण समजू शकते. तिने जन्मभर त्या देवीपुढे डोकं टेकलं होतं आणि पोटची मुलगी तिच्यासमोर होती. दोघींपैकी एक खोटं बोलत होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईला हे एकटीने सोडवायचं होतं. समजू शकते, पण त्या वेळी नाही समजलं. सगळ्या चाळीचं बोलणं मी सोसलं असतं. आईने तिसऱ्यांदा विचारलेलं मला सोसलं नाही.

आणि ती माझी मैत्रीण. एक दिवस नळावर आम्ही दोघीच होतो. मी तिला सरळ विचारलं की तू काही बोलणार आहेस की नाही.

ती म्हणाली, "बोलले तर परत त्याच घरात देतील."

"मग मी काय करू?"

हंडा भरल्यावर ती म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तुझं काहीतरी होईल. माझं नाही होणार."

हंडा उचलून ती निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. इतका संताप मला त्या रविवारीही आला नव्हता. तिची बाजू खरी होती म्हणूनच तो जास्त आला. माझ्या शिक्षणाचं ओझं ती माझ्याच डोक्यावर ठेवून गेली होती, आणि मला ते उतरवता येत नव्हतं.

देवीशी मी बोलणं टाकलं. पहिल्या खोलीवरून जाताना सगळे हात जोडायचे, मी मान वळवून जायची. मी तुझ्यावर विश्वास ठेवून मागितलं आणि तू भर खोलीत मला खोटी पाडलीस, आता मी तुझ्याकडे बघणार नाही, असं मी मनात ठरवलं होतं. देव नाही असं मात्र मला एकदाही वाटलं नाही. नसता तर मी भांडले कोणाशी असते?

असे चार महिने गेले. दसरा झाल्यावर गावचा गुरव ठाण्याला आला. त्याच्या पुतण्याच्या पायाचं काही दुखणं होतं, ते डॉक्टरला दाखवायचं होतं, आणि उतरला तो अर्थातच मानकऱ्यांकडे. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या देवळात कौल लावणाऱ्या घरातला तो माणूस, उघडाबंब, काटकुळा, तोंडात कायम पान. रविवारी एका बिऱ्हाडातल्या मुलाने बोटीवर नोकरीला जावं की नाही याचा कौल होता. आई मला हाताला धरून घेऊन गेली. मी नको म्हणत होते, पण गुरव आला असताना दाराशीसुद्धा न जाणं बरं दिसणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

कळ्या मानकऱ्यांनीच लावल्या. गुरव बाजूला भिंतीला टेकून बघत होता. गाऱ्हाणं झालं, थोड्या वेळाने एक कळी पडली. मानकरी म्हणाले की डावा दिला, मुलाने जाऊ नये. मुलाची आई डोळे पुसायला लागली.

गुरवाने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि विचारलं, "डावो कोणाचो?"

मानकऱ्यांना प्रश्न कळला नाही. गुरव उठला, पाषाणाजवळ गेला आणि देवीकडे पाठ करून, तोंड आमच्याकडे करून उभा राहिला. मग त्याने आपला उजवा हात वर केला. पडलेली कळी त्याच हाताच्या बाजूची होती.

"देवी तुमच्याकडे तोंड करून बसलीहा," तो म्हणाला. "उजवो हात तिचो बघूचो, आपलो नाय."

सगळं तिथेच होतं, इतकं साधं. मानकरी लहानपणीच गाव सोडून आलेले. देवळात त्यांनी कौल बघितला तो गर्दीतून, लांबून. गुरव काय करतो ते बघितलं, पण कशावरून वाचतो ते विचारलं नाही. देवी आणली, पाषाण आणला, मान आणला आणि आपल्या हाताला देवीचा हात समजून सहा-सात वर्षं तिचं बोलणं उलटं ऐकत राहिले. आठ बिऱ्हाडांपैकी एकालाही कधी शंका आली नाही.

मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. जो तो आपापले जुने कौल आठवायला लागला. एकाने डोंबिवलीला घरासाठी जागा घ्यायची सोडून दिली होती, देवी नको म्हणाली म्हणून. एकाने मुलाचं चांगलं स्थळ हातचं घालवलं होतं. एकाने बायकोच्या पोटातल्या गाठीवर ऑपरेशन करायला देवी हो म्हणाली म्हणून केलं होतं आणि ते सुखरूप पार पडलं होतं. आता त्याचं काय समजायचं, असं तो गुरवाला विचारत होता. गुरव म्हणाला की देवीच्या मनात काय होतं ते देवीला माहीत. सगळे एकदम बोलत होते. डोंबिवलीची जागा तीनदा निघाली.

माझं नाव कोणी काढलं नाही. चार महिन्यांपूर्वी त्याच जमिनीवर बसवून त्यांनी एका मुलीचा निकाल लावला होता आणि तो कोणाला आठवला नाही. मी दारात उभी होते, त्यांच्या डोळ्यांसमोर. ते स्वतःहून बोलतात का बघायचं, असं मी ठरवलं होतं.

शेवटी आई बोलली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलत नसे. ती दारातूनच म्हणाली, "आणि माझ्या मुलीचा?"

गुरवाने काय ते विचारलं, मानकऱ्यांनी थोडक्यात सांगितलं. कुठची कळी पडली होती, असं गुरवाने विचारल्यावर मानकऱ्यांनी बोट दाखवलं.

"मगे तो उजवो," गुरव म्हणाला. "देवीन पोरीक तेव्हाच सोडल्यान."

मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला नाही. आधी मला देवीची कीव आली, आणि मग लाज वाटली. तिने खरं ते सांगितलं होतं, भर खोलीत, सगळ्यांदेखत, मी मागितलं होतं त्याच दिवशी. तिचं कोणाला कळलं नाही आणि माझं कोणी ऐकलं नाही. चार महिने आम्ही दोघी एकाच चाळीत खोट्या ठरून बसलो होतो आणि मी मात्र तिच्याकडे पाठ फिरवून चालत होते. मी तिथूनच हात जोडले. त्या खोलीत माफी मागावी अशी ती एकटीच होती, आणि माफी मागणारी मी एकटीच.

कारण बाकीचे खुशीत होते. नारळ आणा, कोणीतरी म्हणालं. बघा, देवीने तेव्हाच सांगितलं होतं, आपल्यालाच वाचता आलं नाही, असं मैत्रिणीचे वडील हसत हसत म्हणाले, जणू एखादी गंमत झाली. चुकलो, पोरी, असं एकाही तोंडातून निघालं नाही. चूक झाली ती कळीची बाजू बघण्यात. मला आधी दोषी धरून मग देवीपुढे बसवलं, यात चूक होती असं त्यांना वाटलंच नाही. कळीने दोषी म्हटलं तेव्हा मी दोषी, कळीने निर्दोष म्हटलं तेव्हा निर्दोष. मी काय म्हणत होते त्याला दोन्ही वेळा किंमत नव्हती.

आणि मग तिच्या वडिलांनी विचारलं, "मग लिहिलं कोणी?"

त्याने खोलीची हवाच बदलली. ते म्हणाले, गुरव घरात आहे, कौल कसा वाचायचा ते आता कळलं आहे, तर एकेका घरातल्या बायकांची नावं घेऊन विचारू, म्हणजे सोक्षमोक्ष होऊन जाईल. लिहिता येत नाही म्हणून काय झालं, कोणाकडून लिहवून घेतलं असेल. दोघंतिघं लगेच हो म्हणाले. मानकऱ्यांना आपली पत परत मिळवायची घाई झाली होती. त्यांनी तबकात कळ्या भिजत घातल्या. ती मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती.

मला वाटलं, आता मला बोलायलाच हवं. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात आईने माझा हात सोडला आणि ती आत गेली. पुरुषांच्या मधून, चपला न काढता. कोनाड्यापुढे जाऊन तिने तबकातल्या कळ्या दोन्ही हातांनी उचलल्या आणि ओच्यात टाकल्या. पाणी तिच्या लुगड्यावरून ओघळत होतं.

"माझ्या मुलीला इथे बसवलीत तेव्हा मी दारात उभी राहून बघितलं," ती म्हणाली. "आता कोणाच्या मुलीला इथे बसवायचं नाही. देवी तुमच्या घरची फौजदार नाही."

मानकरी काहीतरी म्हणायला गेले. गुरवाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. देवीला एवढ्यातेवढ्यासाठी उठवू नये, असं काहीतरी तो पुटपुटला. माझी खात्री आहे की त्याला सगळं कळलं होतं. लोक उठले, नारळ राहून गेला.

ती मुलगी पुढे डोंबिवलीला एका शिंप्याच्या घरात पडली. माणूस भला निघाला असं ऐकते. तिने मला कधी काही लिहिलं नाही आणि मी वाट बघितली नाही. मानकऱ्यांनी पुढच्या वर्षी न मागता दाखला आणून दिला. त्यावर माझी वर्तणूक अत्यंत चांगली असल्याचं लिहिलं होतं. ती आदल्या वर्षीही तेवढीच चांगली होती.

त्या रविवारी घरी आल्यावर आईने ओल्या कळ्या तुळशीत घातल्या. मग स्वयंपाकाला लागली. मी पाटावर बसून तिच्याकडे बघत होते. तांदूळ धुताना ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तीनदा विचारलं मी तुला."

"हो."

"पहिल्यांदा सांगितलंस तेवढं मला पुरायला हवं होतं."

मला तेव्हा रडू आलं. चार महिन्यांत आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. तिने पदराने हात पुसले, माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि चुलीवर आधण ठेवलं. मग कोणी लिहिलं होतं, असं ती आता विचारील, म्हणून मी वाट बघत होते. तिला मी सांगितलं असतं. पण तिने ते विचारलं नाही. त्यानंतर ती तीस वर्षं जगली आणि तिने मला ते कधीच विचारलं नाही.